भाड्याच्या घराची भीती आणि हिशेब

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली. त्यांपैकी सुमारे ४ लाख ८० हजार एकट्या मुंबईत होती; जिथे परवडणाऱ्या खोलीसाठी माणसे विरार-बदलापूरपर्यंत मागे सरकत जातात, त्याच मुंबईत. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने याच चित्राची दुसरी बाजू दाखवली. शहरांतल्या एकूण घरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता, तो २०११ पर्यंत २८ टक्क्यांवर उतरला. घर कुलूपबंद राहण्याची कारणे एकच एक नाहीत. कुठे भावंडांचा वाद असतो, कुठे मुलगा परदेशातून परत येईल ही आशा असते, कुठे जागाच इतकी आडबाजूला असते की गिऱ्हाईक फिरकत नाही. तरीही दुसरा फ्लॅट घेतलेल्या मध्यमवर्गीय मालकाला विचारले की तो भाड्याने का देत नाही, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येते: भाडेकरू निघाला नाही तर? या प्रश्नाला एकेकाळी भक्कम आधार होता. आज महाराष्ट्रात तो आधार फार थोडा उरला आहे, आणि जो उरला आहे तो बहुतांशी मालकाच्या स्वतःच्या हयगयीतून तयार होतो, असे मला वाटते. एखाद-दुसरे घर असलेल्या लहान मालकाचे नुकसान भाडेकरूच्या कपटाने क्वचित होते. ते अर्धवट कागदांनी, रिकाम्या गेलेल्या महिन्यांनी आणि टाळलेल्या दुरुस्त्यांनी जास्त होते.

ही भीती आली कुठून हे आधी पाहायला हवे, कारण ती मूर्खपणाची नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे ठरवताना १ सप्टेंबर १९४० या तारखेचे भाडे धरले. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणे हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता. पण तात्पुरती म्हणून केलेली तरतूद पन्नास वर्षे मुदतवाढी घेत राहिली. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतल्या खोल्यांचे भाडे शंभर रुपयांच्याही आत राहिले आणि इमारतीची डागडुजी त्या भाड्यात करणे कोणालाच परवडेना. शेवटी १९६९ मध्ये सरकारला उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ उभारावे लागले आणि सुमारे १९ हजार इमारती त्याच्या कक्षेत आल्या. मालकांनी या कायद्यातून वाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. घर भाड्याने दिले असे म्हणायचेच नाही, फक्त वापरायची परवानगी दिली असे लिहायचे. मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जो कोणी जागेत राहत होता, तो कायद्याने भाडेकरूच मानला गेला. विश्वासाने आपली जागा वापरायला दिलेल्या मालकाला ती कायमची गेल्याचे त्या तारखेने सांगितले. मुंबईतल्या एका पिढीने त्यातून धडा घेतला की घर कोणालाही देऊ नये, आणि तो धडा घराघरांत पुढच्या पिढीला मिळाला. १९९७ च्या डिसेंबरात मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरल्याचे सांगितले, तोवर ही भीती चांगलीच मुरली होती.

त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण काढून घेतले नाही. ज्याच्याशी भाडेकरारच आहे त्याला तो आजही सहजासहजी हलवू देत नाही. भाडे थकले तरी आधी ९० दिवसांची नोटीस लागते, आणि दावा लागल्यावर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी व्याजासकट भरली की ताबा वाचतो. भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. पण याच कायद्याने राहण्यासाठी दिलेल्या लिव्ह अँड लायसन्सला एक वेगळी, जलद वाट आखून दिली, आणि बहुसंख्य लहान मालकांना तिची नीट ओळख नसते. कलम २४ प्रमाणे परवान्याची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही तर मालक दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. समोरच्याला आपोआप बचाव करता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते, नाही तर मालकाचे म्हणणे मान्य धरले जाते. लेखी करारात जे लिहिले आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा समजला जातो. मुदतीनंतरच्या प्रत्येक महिन्यासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई लागते, म्हणजे २५ हजारांच्या घरात अडून बसणाऱ्याला महिना ५० हजारांचा हिशेब चुकवावा लागतो. निकालाविरुद्ध अपील नाही, फक्त पुनरीक्षण आहे. १९७३ मध्ये मालकाकडे यातले काहीही नव्हते.

मात्र ही वाट कागदावर उभी आहे, आणि आपल्याकडचा कागद सवयीने केला जातो. ‘अकरा महिन्यांचा करार’ ही त्यातली सर्वांत चिवट सवय. तिचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्या कायद्याने सक्तीची केली, म्हणून नोंदणी आणि मुद्रांक वाचवायला देशभर अकरा महिने रूढ झाले. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असो, लेखी करार आणि त्याची नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, करार नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरे धरले जाते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त झालेला मालक वाद उद्भवला की अडचणीत येतो तो इथेच. अकरा महिन्यांनी त्याची काहीच सुटका केलेली नसते, उलट दर वर्षी नवा कागद करण्याचा खर्च आणि कंटाळा त्याच्या माथी येतो, आणि तिसऱ्या वर्षी तो कागद करायचाच राहून जातो.

खर्चाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का लागते. ते एकूण परवाना शुल्क अधिक परताव्याच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेले व्याज या बेरजेवर काढतात, आणि मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते. नोंदणी फी शहरी भागात १ हजार रुपये, ग्रामीण भागात ५०० रुपये. महिना २५ हजार शुल्क, १ लाख अनामत आणि वर्षाला ५ टक्के वाढ धरली, तर अकरा महिन्यांचे लागोपाठ तीन करार मिळून ५ हजारांवर जातात आणि तरी ३३ महिनेच भरतात. तोच करार एकदम ३६ महिन्यांचा केला तर मुद्रांक आणि नोंदणी मिळून साडेतीन हजारांच्या आत बसते. शिवाय भाडेवाढीचा वाद एकदाच, सुरुवातीला, दोघांचे संबंध गोड असताना मिटतो. दुय्यम निबंधकाच्या दारात रांग लावायचीही गरज राहिलेली नाही; अंगठ्याचा ठसा आणि आधार यांवर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. तीन वर्षांच्या कराराने आपण बांधले जाऊ, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर करारातच असते. सुरुवातीचे सहा महिने किंवा वर्षभर लॉक-इन, त्यानंतर कोणत्याही बाजूने एक किंवा दोन महिन्यांची नोटीस, अशी अट घातली की मुदत लांब असूनही हात मोकळे राहतात.

नोंदणीला खरा आक्षेप वेगळाच असतो आणि तो सहसा मोठ्याने बोलला जात नाही. नोंदवलेला करार म्हणजे करखात्याला दिसणारे उत्पन्न. पण भाडे लपवण्याचे दिवस तसेही संपत आले आहेत. पगारदार भाडेकरू घरभाडे भत्त्याची सवलत घेतो आणि वर्षाचे भाडे १ लाखावर गेले की त्याला मालकाचा पॅन कंपनीकडे द्यावा लागतो. महिना ५० हजारांहून जास्त भाडे असेल तर भाडेकरूलाच २ टक्के कर कापून भरावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पूर्वी हा दर ५ टक्के होता. आणि कराचा बोजाही लोक समजतात तेवढा नाही. भाड्यातून महापालिकेचा मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, खर्चाच्या पावत्या न दाखवता. वर्षाला ३ लाख भाडे आणि १२ हजार मालमत्ता कर असेल तर करपात्र उत्पन्न २ लाख १ हजार ६०० एवढेच धरले जाते. त्यावरचा कर वाचवण्यासाठी संपूर्ण घराच्या ताब्याचा पुरावा पातळ करून घेणे हा घाट्याचा व्यवहार आहे. भाडे रोख घेण्याचेही तसेच. बँकेतून आलेला प्रत्येक हप्ता हा करार चालू असल्याचा आणि रक्कम ठरलेली असल्याचा पुरावा असतो, आणि तो मालकाला फुकटात मिळतो.

इथे कोणीही व्यवहारी माणूस हरकत घेईल की कायद्यातले कलम आणि प्रत्यक्षातला ताबा यांत बरेच अंतर असते. ही हरकत खरी आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडेही तारखा पडतात, समन्स बजावणी रखडते, पुनरीक्षणात पुन्हा काही महिने जातात. शिवाय ही वाट फक्त राहण्याच्या जागेपुरती आहे. दुकानाचा गाळा किंवा कार्यालय लायसन्सवर दिले असेल तर मुंबईत लघुवाद न्यायालयाचाच रस्ता धरावा लागतो आणि तिथला वेळ वर्षांत मोजायची तयारी हवी. पण उशीर आहे म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. उशीर आहे म्हणूनच तो सुरुवातीपासून निर्दोष हवा. ज्याच्या करारात मुदत, रक्कम आणि पक्ष स्पष्ट आहेत त्याच्याविरुद्ध बचावाची परवानगी मिळवायला समोरच्याकडे मुद्दा उरत नाही. बहुतेक राहणारे कायदा वाचून अडून बसत नाहीत; मालकाचा कागद कच्चा आहे हे कळले की बसतात. दुप्पट भरपाईचे कलम करारात ठळक लिहिले आणि मुदत संपायच्या दोन महिने आधी लेखी आठवण दिली, तर बहुतेक प्रकरणे प्राधिकाऱ्यापर्यंत जातच नाहीत. मुदत उलटून गेल्यावर नवा करार न करता महिनोन्‌महिने पैसे घेत राहणे ही मात्र सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्यासारखी चूक आहे. त्या काळात माणूस कोणत्या नात्याने घरात आहे याचे उत्तर दोघेही आपापल्या सोयीने देऊ शकतात.

उशिराला कंटाळून मालक हमखास ज्या मार्गाला जातात तो म्हणजे पाणी तोडणे, वीज कापणे, कुलूप बदलणे. हा मार्ग मालकाची उजवी बाजू एका रात्रीत डावी करतो. भाडेकरूची पाणी-वीज यांसारखी आवश्यक सेवा बंद करायला भाडे नियंत्रण कायद्याचीच मनाई आहे. आणि कायदेशीर प्रक्रियेविना ज्याला जागेतून काढले तो १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे आहे हा प्रश्नच विचारला जात नाही. म्हणजे थकबाकीदाराला बाहेर काढायला निघालेला मालक स्वतःच प्रतिवादी होतो. दुसऱ्या टोकाला ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’ ही दंतकथा आहे. प्रतिकूल ताब्याची बारा वर्षे मालकाच्या हक्काला आव्हान देऊन उघडपणे राखलेल्या ताब्याची असतात. परवानगीने आत आलेल्या, भाडे देणाऱ्या माणसाचा ताबा कितीही वर्षे चालला तरी मालकाच्याच हक्काखाली असतो. या दंतकथेपायी दर दोन वर्षांनी चांगल्या माणसाला घालवून देणारे मालक पाहिले की ती किती महाग पडते याचा अंदाज येतो.

भाडेकरू निवडण्याच्या बाबतीत आपल्याकडे एक विचित्र उलटापालट दिसते. ज्या गोष्टी तपासायला हव्यात त्या तपासल्या जात नाहीत आणि ज्यांचा भाडे देण्याशी संबंध नाही त्यांची उलटतपासणी होते. आडनाव, धर्म, मांसाहार, एकटी बाई, अविवाहित मुलगे यांवरून नकार देणारा मालक पगारपत्रक मागायला विसरतो. भाडे थकणार की नाही हे ठरते उत्पन्नावर, नोकरीच्या स्थैर्यावर आणि आधीच्या घरातल्या वागणुकीवर. महिन्याचे भाडे उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर सावध व्हावे. आधीच्या मालकाशी फोनवर पाच मिनिटे बोलावे. कंपनीचे ओळखपत्र, पगार जमा होणाऱ्या खात्याचे उतारे आणि कायमचा पत्ता पाहावा. ओळखीतला, आपल्याच गावचा, आपल्याच जातीचा म्हणून घेतलेल्या माणसाकडून थकबाकी मागताना तोंड दाबले जाते, हा तर उघड व्यवहारी तोटा आहे. यावर कोणी म्हणेल की घर माझे, कोणाला द्यायचे ते मी ठरवीन. कायद्याने बव्हंशी तसे आहेच. पण निवडीचे क्षेत्र अर्ध्यावर आणणारा मालक रिकाम्या महिन्यांची संख्या वाढवतो, आणि त्याचा हिशेब त्याने करायला हवा. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती कळवणे मात्र टाळू नये. मुंबईसारख्या शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशांनी ते बंधनकारक असते आणि ऑनलाइन सोय असल्याने कठीणही नसते.

सोसायटीच्या बाबतीत मालक अनेकदा विनाकारण दबून असतात. सदनिका भाड्याने देण्यासाठी संस्थेला कळवायचे असते आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. ‘परवानगी नाही’ म्हणून अडवणे किंवा समितीपुढे भाडेकरूची मुलाखत घेणे हा संस्थेचा अधिकार नाही. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा राज्य शासनाचा आदेश तसा आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयात तो आव्हानाला टिकला. त्याआधी काही संस्था भाड्याच्या टक्केवारीतच शुल्क मागत. आजही एखादी समिती ‘आमच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आहे’ असे म्हणते, तेव्हा सभेचा ठराव शासनादेशाच्या वर जात नाही एवढे शांतपणे लिहून द्यावे.

आता पैशाचा गाभा. मोठ्या शहरांत राहत्या घराचे वर्षाचे भाडे किमतीच्या साधारण २ ते ३ टक्क्यांत बसते. एक कोटीच्या घराचे अडीच टक्के धरले तर वर्षाला अडीच लाख, महिन्याला २१ हजारांहूनही थोडे कमी. इतक्या बारीक परताव्यात एक रिकामा महिना म्हणजे वर्षाच्या उत्पन्नातले ८ टक्के गेले. २५ हजार देणाऱ्या जुन्या भाडेकरूकडे मालक २७ हजार मागतो, तो निघून जातो, नवा मिळायला महिना-दीड महिना लागतो, मध्ये रंग काढावा लागतो, एजंटाची एक महिन्याची दलाली जाते. वाढीव २ हजारांतून वर्षाला २४ हजार येतात, आणि गेलेले असतात पन्नास-साठ हजार. बाजारभावापेक्षा हजार-दीड हजार कमी घेऊन वेळेवर देणारा माणूस चार-पाच वर्षे टिकवणे हे औदार्य नाही, साधे गणित आहे. अर्थात बाजारभाव झपाट्याने चढत असेल तर हे गणित बदलते. करोनानंतर पुण्याच्या हिंजवडी-बाणेर पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञानातली माणसे कार्यालयात परत येऊ लागली तेव्हा भाडी वेगाने वाढली, आणि ठरलेल्या वाढीचे कलम नसलेले मालक मागे पडले. म्हणूनच वार्षिक वाढ, मग ती ५ टक्के असो वा ७, करारात आधी लिहून ठेवणे दोघांच्या सोयीचे. भाडेकरूला पुढच्या वर्षीचा आकडा आज माहीत असतो आणि मालकाला दर वर्षी तोंड उघडावे लागत नाही.

टिकवून ठेवायचे तर घर नीट ठेवावे लागते, आणि लहान मालक सर्वांत जास्त कुचराई करतो ती इथे. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबरच्या पावसात भिंतीला ओल येणार, खिडकीच्या सज्ज्यातून पाणी झिरपणार, वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून छताला डाग पडणार, हे दर वर्षी ठरलेले आहे. तरीही जुलैत फोन आला की ‘पावसाळा संपू द्या’ हे उत्तर असते. भाडेकरारातल्या घराबद्दल कायदा इथे स्पष्ट आहे. जागा चांगल्या स्थितीत ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. लायसन्सच्या घराला हे कलम थेट लागू होवो न होवो, तशीच अट करारात असणे मालकाच्याही हिताचे आहे, कारण दुर्लक्षित गळतीने प्लास्टर आणि सळई खराब होते ती मालकाचीच. कोणती दुरुस्ती कोणाची यावर मात्र भांडणे होतात, आणि त्यासाठी २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरू अधिनियमाची जोडयादी हाताशी ठेवावी. बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा आणि दारे-खिडक्यांचा रंग, गरज पडल्यास नळजोडाचे पाइप बदलणे, आतली-बाहेरची वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, गटार-मोरीची सफाई, गीझर आणि स्विच-सॉकेटची दुरुस्ती, कुलपे, खिडकीच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूकडे. महाराष्ट्रातला व्यवहार आजही १९९९ च्या कायद्यावरच चालतो, पण दोन्ही पक्षांनी ही यादी आपल्या करारात घालायला कोणाचीच आडकाठी नाही. त्याच अधिनियमातली आणखी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: घर पाहायला यायचे तर मालकाने २४ तास आधी कळवावे. आपलेच घर म्हणून चावी घेऊन अचानक आत शिरणारा मालक करार मोडतो आहे, हे पुष्कळांना पटत नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी मालकांचा वेगळा विचार करायला हवा, कारण पुण्या-मुंबईतल्या नव्या संकुलांत त्यांची घरे बरीच आहेत. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला ५० हजारांची मर्यादा लागू होत नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावरचा उपकर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हे न सांगता घर दिले की नोटीस येते ती भाडेकरूला, आणि चांगला भाडेकरू अशा घरापासून लांब पळतो. कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच घेऊन ठेवणे आणि करारावर सह्या करू शकेल असा कुलमुखत्यार इथे नेमणे, ही दोन कामे करारापूर्वीची आहेत. मुखत्यारपत्रात नोटीस देणे, प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणे आणि ताबा घेणे हे अधिकार स्पष्ट लिहिलेले असावेत. नुसते ‘देखभालीसाठी’ असे लिहिलेले पत्र ऐनवेळी कुचकामी ठरते.

राहता राहिली अनामत, जिच्यावरून सर्वांत जास्त कटुता होते. आदर्श अधिनियमाने राहत्या घरासाठी तिची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याएवढी ठेवली आणि मालकांनी नाराजी व्यक्त केली. त्यांचा मुद्दा निराधार नाही. थकबाकीदाराला कायदेशीर मार्गाने काढायला सहा महिने लागणार असतील तर दोन महिन्यांत काय झाकणार? महाराष्ट्रात अशी मर्यादा लागू नसताना तीन-चार महिन्यांची अनामत मला वाजवी वाटते. पण त्यापुढे जाऊन ‘हेवी डिपॉझिट’वर घर देणाऱ्या मालकाने एक धोका ओळखावा. ती रक्कम त्याचे उत्पन्न नसून कर्ज आहे, आणि ते नेमके भाडेकरू निघण्याच्या दिवशी फेडायचे आहे. पुष्कळ मालक ती मुलाच्या फीला किंवा गाडीच्या हप्त्याला वापरून टाकतात आणि पुढच्या भाडेकरूची अनामत येईपर्यंत आधीच्याला ताटकळत ठेवतात. मग तोही शेवटचे दोन-तीन महिने भाडे देत नाही आणि ‘डिपॉझिटमधून कापा’ म्हणतो. वीजबिल, मोडलेला गीझर यांसाठी मालकाच्या हाती काही उरत नाही. अनामत वेगळ्या मुदतठेवीत ठेवावी. घर देताना खोलीगणिक व्हिडिओ काढून दोघांनी तो एकमेकांना पाठवावा, पंखे-दिवे-किल्ल्यांची यादी करारालाच जोडावी. रंग उडणे, फरशी घासली जाणे ही नेहमीची झीज आहे आणि तिचे पैसे कापायचे नाहीत, हेही लिहावे. एवढे आधी झालेले असेल तर चावी परत घेताना काम उरते ते वीज आणि गॅसच्या मीटरचे वाचन टिपण्याचे, यादी तपासण्याचे आणि उरलेली रक्कम त्याच दिवशी त्याच्या खात्यावर पाठवण्याचे.